मासे खाऊनही बी-१२ कमी

क्रोन्सच्या (आतड्याला सूज आणणारा दीर्घकाळचा आजार) ऑपरेशनबद्दलच्या या चर्चेत वर कुणीतरी विचारलंय, "ऑपरेशन झालं, आता गोळ्या कशाला?" हा मुद्दा पटत नाही. क्रोन्समध्ये आतड्याचा खराब तुकडा जातो, आजार जात नाही. तो बहुतेकदा जोडलेल्या जागीच परत डोकं वर काढतो, आणि पोट दुखायच्या आधी कॅमेऱ्यात दिसतो. म्हणून ऑपरेशननंतर ६ ते १२ महिन्यांत कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने आतड्याची तपासणी. सिगारेट सोडा, हे कुणीतरी लिहिलंय ते अगदी खरं.

पण बी-१२ बद्दल कुणीच बोललं नाही. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच शोषलं जातं, आणि माझा नेमका तोच भाग काढला. यकृतातला साठा बराच काळ पुरतो, त्यामुळे सुरुवातीला काही कळत नाही. मी फोंड्याचा, रोज बांगड्याचं हुमण ओरपणारा. मला कसली कमतरता, या तोऱ्यात होतो. तिसऱ्या वर्षी पायांना मुंग्या यायला लागल्या, चप्पल निसटली तरी कळेना. आता दर महिन्याला इंजेक्शन, जन्मभर. आणि हो, जुलाब लागले की आजार उलटला असंच नसतं. पित्तक्षार (चरबी पचवायला मदत करणारे पित्तातले क्षार) नीट न शोषल्यानेही होतात, त्यावर कोलेस्टिरामिनची पूड असते. डॉक्टरांना विचारून बघा.