जुना रिसीव्हर, नवा टीव्ही : पीएस५ लावला की ४के गायब, काय करू?

चिंचवडचा_बाळू

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझ्याकडे २०१४ सालचा ७.२ चा (सात स्पीकर, दोन सबवूफर चालवणारा) रिसीव्हर, म्हणजे होम थिएटरचा ॲम्प आहे, तेव्हा बोनस मिळाला होता त्यात घेतलेला, खरा आकडा बायकोला अजून सांगितलेला नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात ४के ६० (४के, सेकंदाला ६० चित्रं) लिहिलेलं होतं आणि सेल्समन म्हणाला होता की सर आता दहा वर्षं बघायला नको. दहा वर्षं झाली आणि बरोब्बर बघायची वेळ आली.

दिवाळीत ५५ इंची १२० हर्ट्झचा टीव्ही घेतला आणि चिरंजीवांनी पहिल्या पगारातून पीएस५ हा गेमिंग कन्सोल आणला. आमच्याकडे आत्तापर्यंतची पद्धत अशी की सेट टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर, ओटीटीची स्टिक सगळं रिसीव्हरच्या मागे आणि रिसीव्हरमधून एकच वायर टीव्हीला. तसाच पीएस५ पण लावला. तर तो म्हणतोय १०८०पी. एचडीआर (उजेड-अंधार जास्त खुलवणारं चित्र) नाही, १२० हर्ट्झ तर सोडाच. ४के स्टिकचं पण तेच, आणि मधेच एकदा नुसता काळा पडदा, आवाज मात्र चालू. तोच पीएस५ थेट टीव्हीला लावला की सगळं झकास दिसतं, पण मग आवाज टीव्हीच्या स्पीकरमधून, म्हणजे बरणीत माशी अडकल्यासारखा.

दुकानात विचारलं तर म्हणे काढून टाका तो डबा, साउंडबार घ्या. अहो पण स्पीकर माझे ठणठणीत आहेत, मागच्या दोघांच्या वायरी पीओपीच्या आतून गेल्यात, जीव तुटतो. तर रिसीव्हर बदलायलाच हवा का? नवीन घ्यायचा तर एचडीएमआय २.१ लिहिलेला बघून घेतला की झालं का? आणि एचडीएमआय वायर पण बदलायची का?

तारांचा_गुंता

बाळूशेठ, आधी एक करा, रिसीव्हर भंगारात देऊ नका, आणि साउंडबारवाल्याकडे परत जाऊ नका.

तुमचा घोळ काय झालाय सांगतो. २०१४ हे साल रिसीव्हरसाठी फार वाईट होतं. एचडीएमआय २.० नुकतंच म्हणजे २०१३ ला आलेलं, आणि ४के सिनेमाच्या चोरीला आळा घालायला एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप पण तेव्हाच येत होतं. त्या वर्षीच्या रिसीव्हरमध्ये दोन जातीच्या चिपा होत्या. एका जातीत पाइप मोठा, म्हणजे १८ जीबीपीएस (सेकंदाला जाणारा डेटा), पण २.२ ची किल्लीच नाही. दुसरीत किल्ली आहे पण पाइप जुनाच १०.२ चा. दोन्ही चिपवाले खोक्यावर ४के ६० लिहायला मोकळे, आणि लिहिलं ते खोटं पण नव्हतं! तुमचा पहिल्या जातीचा दिसतोय. स्टिक किल्ली विचारते, मधल्या डब्याकडे ती नाही, म्हणून स्टिक १०८०पी वर उतरते किंवा पडदा काळा. आवाजाला तेवढी कडक अट नाही म्हणून तो चालू राहिला. एचडीआर तर २.०ए मध्ये म्हणजे २०१५ ला आलं, ते तुमच्या डब्याला माहीतच नाही. हे सॉफ्टवेअर अपडेटने होणारं काम नाही, चिपच तशी आहे.

आता उपाय, आणि तो फुकट आहे. ज्याला ४के हवंय ते थेट टीव्हीला, बाकी सगळं होतं तिथेच. म्हणजे पीएस५ आणि स्टिक टीव्हीच्या पोर्टात. सेट टॉप बॉक्स आणि ब्लू-रे प्लेअर रिसीव्हरलाच राहू दे, साध्या ब्लू-रेला १०८०पी च्या वर काही नसतंच, आणि तिथून ट्रूएचडी, डीटीएस एचडी मास्टर असला भारी आवाज आत्ता येतो तसाच येत राहील. आणि पीएस५ चा आवाज टीव्हीतून रिसीव्हरकडे उलटा येईल, आर्कमधून (एआरसी, एचडीएमआय वायरीतूनच आवाज मागे आणायची सोय). त्यासाठी नवीन वायर नको, रिसीव्हरच्या आउट पोर्टातून टीव्हीला गेलेली जी आहे तिच्यातूनच तो मागे येतो. फक्त दोन्हीकडे ज्या पोर्टावर एआरसी लिहिलंय त्यातच ती पाहिजे. रिसीव्हरच्या मेनूत आर्क ऑन करा, सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या वस्तूंनी एकमेकांना चालू-बंद करायची सोय) ऑन करा, टीव्हीत साउंड आउटपुटला एचडीएमआय आर्क निवडा.

जाईल काय ते पण सांगतो. साध्या आर्कचा पाइप अगदी बारीक, १ एमबीपीएस च्या आसपास, त्याच्या नव्या आवृत्तीचा म्हणजे ईआर्कचा ३७ पर्यंत. त्यामुळे डॉल्बी डिजिटल ५.१ येईल, पण पीएस५ मध्ये ४के डिस्क घातली तर तिचा ट्रूएचडी या वाटेने येणार नाही. ओटीटीवरचा ॲटमॉस (डोक्यावरून पण येणारा आवाज) डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये गुंडाळलेला असतो, तो साध्या आर्कमधून पण जातो, पण तुमच्या रिसीव्हरला ॲटमॉस कळत नसेल तर त्याचा काय उपयोग. गेम आणि सिरीज बघायला मला तरी फरक जाणवत नाही, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले असतील तर माहीत नाही.

खारघरचा_गेमर

गुंताभाऊंनी बरोबर सांगितलंय. मी फक्त नवीन घेण्याबद्दल बोलतो कारण मी तिथे फसलोय.

२.१ लिहिलंय म्हणजे काहीच नाही. २.१ चं स्पेसिफिकेशन २०१७ च्या नोव्हेंबरात आलं, त्यात ४८ जीबीपीएस, ४के १२०, ८के ६०, व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे हर्ट्झ बदलणं), एएलएलएम (गेम लावला की टीव्ही आपोआप गेम मोडला), ईआर्क असं ताट भरलेलं आहे, पण त्यातलं काय वाढायचं ते कंपनीच्या मर्जीवर. एकच पदार्थ वाढला तरी ताटावर २.१ लिहिता येतं. मी घेतलेल्यात ईआर्क होतं, एएलएलएम होतं आणि पोर्ट सगळे १८ चेच, म्हणजे ४के ६० च्या पुढे जात नव्हते. पावती खिशात असताना कळलं आणि दुकानदार म्हणे खोकं उघडलंय.

तर दुकानात २.१ विचारू नका, विचारा की ४के १२० किती इनपुटला आहे आणि किती जीबीपीएस. सहा इनपुट असतात आणि त्यातले दोन किंवा तीनच मोठे असं सर्रास असतं. आकडा ४० असला तरी घाबरू नका. ४के १२० ला १० बिट पूर्ण रंगात ४० लागतातच, आणि पीएस५ तर स्वतःच ३२ च्या वर देत नाही, तो १२० ला रंग थोडा दाबून ४:२:२ मध्ये पाठवतो. ४८ च्या नावाने जास्त पैसे मोजू नका.

अजून एक, टीव्हीचे पोर्ट बघितलेत का? बऱ्याच टीव्हींना १२० वाले दोनच असतात आणि त्यातलाच एक ईआर्कचा, म्हणजे रिसीव्हर लावला की गेमसाठी एकच उरतो. एलजीच्या सी सिरीजला चारही आहेत म्हणून गेमिंगवाले तिकडे पळतात. आणि पोर्ट बरोबर असून पण १२० येत नसेल तर त्या पोर्टाची सेटिंग बंद असते, एलजीत डीप कलर म्हणतात, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, सोनीत एन्हान्स्ड फॉरमॅट. माझ्या मित्राने वर्षभर ६० वर खेळून १२० चं कौतुक केलं, मग एक दिवस ही सेटिंग सापडली.

जर्सीकर

२.१ च्या फसवणुकीत माझी पण भर. २०२० ला मी इथे न्यू जर्सीत हौसेने पहिल्या फळीतला ८के रिसीव्हर घेतला, एक्सबॉक्स सिरीज एक्स लावला, ४के १२० केलं आणि पडदा काळा. वायर बदलली, टीव्हीला शिव्या घातल्या, शेवटी कळलं की त्या वर्षी दोन-तीन नावाजलेल्या कंपन्यांनी एकच एचडीएमआय चिप वापरली होती आणि चूक त्या चिपमध्येच होती. गंमत म्हणजे पीएस५ त्याच रिसीव्हरमधून चालत होता, कारण तो सिग्नल वेगळ्या पद्धतीने देतो. मला कंपनीने नंतर एक छोटा डबा फुकट पाठवला, मध्ये लावायला. दुसऱ्या एका कंपनीने बोर्ड बदलून दिले म्हणे. म्हणून सेकंडहँड बघणार असाल तर २०२० चं मॉडेल दिसलं की आधी हे विचारा.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो कारण दर सुट्टीला कोणीतरी फोन करतंच. अमेरिकेत स्वस्त आहे म्हणून भाच्याला आणायला सांगू नका. इथले रिसीव्हर १२० व्होल्टचे, थेट तिकडच्या २३० वर लावलात की धूर. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवतात लोक, पण तो आणखी एक जड गरम ठोकळा टीव्ही युनिटमध्ये, आणि वॉरंटी इथलीच.

प्रोजेक्टरवाले_काका

वायरीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

बाळू, टीव्ही आणि पीएस५ एकाच युनिटवर असतील तर पीएस५ च्या खोक्यात आलेलीच वायर वापर, ती ४८ ची आहे, दुसरी घ्यायचं काही कारण नाही. आर्कला तर जुनी पण चालते. लांब न्यायची असेल तर मात्र विचार कर. विकत घेताना अल्ट्रा हाय स्पीड लिहिलेली आणि खोक्यावर स्कॅन करायचं लेबल असलेलीच घे. २.१ केबल असं नुसतं छापलेलं असतं त्याला अर्थ नाही, वायरीला २.१ असा अधिकृत दर्जाच नाही. तांब्याची पाच मीटरच्या पुढे या स्पीडला मिळणं अवघड.

मी हॉलच्या प्रोजेक्टरला नऊ मीटरची ऑप्टिकल टाकली. कॉन्ट्रॅक्टरने पाइपात ओढली, वरून प्लास्टर केलं, रंग झाला, लावलं तर नो सिग्नल. ही ऑप्टिकल वायर एका दिशेचीच असते, एका टोकावर सोर्स लिहिलेलं असतं आणि एकावर डिस्प्ले. भाऊसाहेबांनी डिस्प्लेचं टोक खाली रिसीव्हरकडे काढलेलं. पाइपाला दोन काटकोनी एल्बो, पिन काही उलटी फिरेना. शेवटी भिंत फोडली. तेव्हा टाकायच्या आधी जमिनीवर पसरून दोन्ही टोकं जोडून अर्धा तास सिनेमा बघा, मगच पाइपात घाला. आणि आर्क पाहिजे असेल तर ती वायर आर्क देते का तेही विचारा, सगळ्याच ऑप्टिकल देत नाहीत.

चिंचवडचा_बाळू

काका, भिंत फोडायचं वाचून पोटात गोळा आला.

अपडेट. टीव्ही भिंतीला चिकटवलेला आहे, मागे हात जातो पण डोकं जात नाही, म्हणून मोबाइल मागे सरकवून फोटो काढले तेव्हा दिसलं की रिसीव्हरची वायर इतके दिवस १ नंबरात होती आणि ईआर्क ३ ला आहे. बदलली. पीएस५ ४ नंबरात. ती एन्हान्स्डची सेटिंग केली. ४के १२० आलं, एचडीआर आलं, चिरंजीव खूश. रिसीव्हरवर आर्क आलं, पुढच्या स्पीकरमधून आवाज पण आला. पण मागचे दोन आणि सेंटर गप्प! रिसीव्हरच्या डिस्प्लेवर स्टिरिओ लिहून येतंय. कुठे चुकतंय?

तारांचा_गुंता

पीएस५ लिनिअर पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज देतोय. साध्या आर्कमधून पीसीएम दोनच चॅनेल जातं. पीएस५ च्या साउंड सेटिंगमध्ये ऑडिओ फॉरमॅट डॉल्बी करा, आणि टीव्हीच्या डिजिटल ऑडिओत पास थ्रू किंवा ऑटो, पीसीएम नाही. रिसीव्हरवर डॉल्बी डी असं आलं पाहिजे. डीटीएस निवडू नका, बऱ्याच टीव्ही ते पुढे सरकवतच नाहीत. गोळी सुटल्यावर आवाज एक क्षण उशिरा वाटला तर टीव्हीतला ऑडिओ डिले शून्य करा.

खारघरचा_गेमर

आणि रिसीव्हर बदलायची घाई अजिबात करू नका. एचडीएमआय २.२ पण आलंय, २०२५ च्या जूनमध्ये, ९६ जीबीपीएस वालं. त्याची वाट बघा असं म्हणत नाहीये, त्यातून घालायला आपल्याकडे काही नाही. ॲम्पचा भाग सालोसाल चालतो हो, म्हातारा होतो तो एचडीएमआयचा बोर्ड. व्हिडिओ त्याच्यातून काढून घेतलात की झालं.

चिंचवडचा_बाळू

डॉल्बी डी आलं!! मागून कोणीतरी पळत गेलं तर आमचं मांजर उठून बाल्कनीत गेलं.

आता शेवटचा त्रास. आई दुपारी सीरियल लावते. टीव्ही चालू केला की सीईसी मुळे रिसीव्हर आपोआप चालू होतो, आणि रात्री पोराने गेमला ठेवलेल्या आवाजावर सासू सुनेला बोलते, सबवूफरसकट. आज खालचे सातपुते वर आले होते. सीईसी बंद केलं तर आर्कच गेलं.

तारांचा_गुंता

साध्या आर्कमध्ये बहुतेक ठिकाणी सीईसी लागतंच, ते बंद करू नका. रिसीव्हरच्या मेनूत पॉवर ऑन व्हॉल्यूम असं काहीतरी असेल, ते २५ वर बांधून टाका, मॅक्सिमम लिमिट असेल तर ती पण लावा. आणि टीव्हीच्या रिमोटने साउंड आउटपुट टीव्ही स्पीकरवर कसा आणायचा ते आईंना एकदा दाखवा.

चिंचवडचा_बाळू

२५ केलं. आईला रिमोट दाखवला, ती म्हणाली राहू दे रे, मोठ्या आवाजात बरं ऐकू येतं.