दुरावलेल्या भावाबहिणींकडे पुन्हा जाताना : ठाणे-नवी मुंबईतील अनुभव

हरवलेले मेंढरू शोधायला निघणारा लूकच्या 15 व्या अध्यायातील मेंढपाळ आपल्याला संडे स्कूलपासून ठाऊक आहे. पण कळव्याच्या चाळीतून घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये राहायला गेलेले एखादे कुटुंब उपासनेत हळूहळू दिसेनासे झाले, तर त्यांच्या दारापर्यंत कोणी जायचे आणि गेल्यावर बोलायचे काय, हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. म्हणून ज्यांनी अशा कोणाला परत येण्यास मदत केली, किंवा जे स्वतः दूर जाऊन परत आले, त्यांनी प्रत्यक्ष घडले तेवढे लिहावे, अशी विनंती आहे. माणसांची आणि मंडळ्यांची (चर्चची) नावे लिहू नयेत. प्रयत्न फसला असेल तर तोही अवश्य लिहावा. सुरुवात माझ्यापासून करतो; पुढे इतरांनी लिहिलेले अनुभव त्यांच्या ठिकाणाच्या नावाखाली आहेत.

ठाणे पूर्व

आमच्या मंडळीतील एक गृहस्थ पत्नीच्या निधनानंतर यायचे बंद झाले. वर्षभराने मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो, ते थकलेल्या वर्गणीची यादी हातात घेऊन. त्यांनी आम्हाला पाणी दिले, यादी वाचली आणि शांतपणे म्हणाले, “ती आजारी असताना तुम्ही सगळ्यांनी उपास केले, त्याबद्दल मी आभारी आहे. पण मातीच्या दिवशी तुमच्यापैकीच एकाने मला सांगितले, की आमचा विश्वास कमी पडला म्हणून ती गेली.” ते वाक्य कोणी उच्चारले हे मला माहीत होते, आणि त्या वेळी मी शेजारी उभा असूनही गप्प राहिलो होतो.

त्यानंतर मी यादी न घेता एकटा गेलो आणि गप्प राहिल्याबद्दल क्षमा मागितली. त्यांनी लगेच क्षमा केली असे नाही. पुढची जवळपास दोन वर्षे मी महिन्यातून एकदा जात राहिलो. कधी गॅसच्या नोंदणीचे काम असे, कधी दवाखान्यात सोबत, आणि प्रार्थना त्यांनी म्हटले तरच. एका संध्याकाळी त्यांनी पत्नीचे गीतांचे पुस्तक माझ्यापुढे ठेवले. तिला आवडणाऱ्या गीतांच्या क्रमांकांभोवती तिने पेन्सिलीने वर्तुळे काढली होती, आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या एका भजनाचे पान तर इतके हाताळलेले होते की शिवणीतून सुटले होते. “हे म्हणून दाखवा,” ते म्हणाले. मला सूर धरता येत नाही, तरी म्हटले; दुसऱ्या कडव्याला त्यांनी साथ दिली. त्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) ते येऊन शेवटच्या बाकावर बसले. मी आनंदाच्या भरात त्यांना पुढे बोलवायला निघालो होतो, तेव्हा माझ्या पत्नीने माझी बाही धरून मला थांबवले, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

बेलापूर

मी पवित्र शास्त्राचा अभ्यासवर्ग घेते. गलतीकरांस पत्राच्या 6 व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात, अपराधात सापडलेल्या माणसाला सौम्यतेने “ताळ्यावर आणा” असे आपण वाचतो, आणि मराठी कानाला त्यात दटावणीच ऐकू येते. मूळ ग्रीकमध्ये तेथे जे क्रियापद आहे, तेच मार्क 1:19 मध्ये याकोब आणि योहान तारवात बसून जाळी नीट करीत होते, तेथे वापरलेले आहे. आमच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात हे काम मी अनेकदा पाहिले आहे. जाळे मांडीवर घेतात, फाटलेली जागा बोटांनी चाचपून शोधतात, कुजलेला दोरा काढतात आणि मग एकेक गाठ मारतात. ओढाताण केली तर फाटके आणखी वाढते. वर्गातील एका मुलीला तिच्या व्यसनी भावाशी कसे बोलावे हे कळत नव्हते. तिला मी हे जाळे दाखवायलाच घेऊन गेले. भाऊ आता उपचार घेत आहे आणि बहिणीबरोबर कधीकधी उपासनेला येतो. उपचार आणि प्रार्थना यांत त्याला निवड करायला लावू नका, एवढी माझी इतरांना कळकळीची विनंती आहे.

ऐरोली

मी स्वतः दूर गेलो होतो, तेही कोणत्याही शंकेमुळे नव्हे. टीटीसी औद्योगिक पट्ट्यात नोकरी, सुट्टी मंगळवारी, आणि एखादा रविवार मोकळा मिळालाच तर ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक. चार महिने गेलो नाही, मग जायची लाज वाटू लागली, आणि लाजेची चार वर्षे झाली. पाळकसाहेबांना हे कळल्यावर त्यांनी मला काही सुनावले नाही. आमच्यासारख्या तिघांसाठी मंगळवारी रात्री एका घरी प्रार्थना सुरू केली. आज तेथे अकरा जण असतात.

वाशी

आम्ही मूळचे वसईचे कॅथलिक. माझ्या मेहुण्याने चर्चबाहेर नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि आता आपल्याला दार बंद झाले, असे मनाशी धरून एकोणीस वर्षे काढली. मुळात त्याने कोणाला विचारलेच नव्हते, आणि आम्हीही विषय काढला नव्हता. मी फादरांना भेटून चौकशी केली, तेव्हा असा विवाह चर्चमध्ये विधिपूर्वक मान्य करून घेता येतो, हे समजले. कागदपत्रे, भेटीगाठी, पत्नीशी मोकळे बोलणे यांत काही महिने गेले. कुमसाराच्या (फादरांपुढे पापे कबूल करण्याच्या) दिवशी मी बाहेर बाकावर बसून होतो. पश्चात्तापाची प्रार्थना त्याला आठवेना, तेव्हा फादरांनी ती ओळीओळीने त्याच्याकडून म्हणवून घेतली, असे त्याने घरी येताना सांगितले आणि गाडी बाजूला घेऊन तो बराच वेळ रडला.

मानपाडा

आमच्या तरुण संघात एका मुलाच्या चुकीबद्दल व्हॉट्सॲप गटावर वचने टाकली गेली. मत्तय 18:15 तर आधी एकट्यानेच, दोघांमध्ये बोलावे असे सांगते. तो मुलगा गट सोडून गेला. त्याच्या घरी मी तीनदा जाऊन आलो आहे; अजून भेटलेला नाही.

कळवा

माझी मुलगी सहा वर्षांपासून उपासनेला येत नाही. देव आहे असे आता वाटत नाही, असे ती सरळ सांगते, आणि खोटे बोलून माझे समाधान करीत नाही याचे मला बरेही वाटते. सुरुवातीला मी रडले, बोलणे टाकले, तिच्या वडिलांची शपथ घातली. त्यातून ती आणखी लांब गेली. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. मधली वर्षे त्या घरावर कशी गेली असतील याचा मी अलीकडे पुष्कळ विचार करते. लक्ष्मीबाई शेवटी आल्या त्या स्वतःच्या मनाने आल्या. आता मी मुलीला प्रश्न विचारते आणि तिचे उत्तर मध्ये न तोडता ऐकते. नाताळच्या करंज्या करायला ती दरवर्षी येते, सारण तीच भरते, आणि रात्रीच्या उपासनेची वेळ झाली की घरी जाते. मागच्या नाताळात मी जिना उतरताना ती मला म्हणाली, “आई, तू जा, मी उरलेल्या तळून ठेवते,” आणि मी परतले तेव्हा ती घरातच होती. आम्ही चहा घेतला. उपासनेबद्दल तिने काही विचारले नाही, मीही सांगितले नाही. अशा वेळी सांगायला हवे होते का, हे ज्यांची मुले परत आली आहेत त्यांनी मला कळवावे.