कमांड लाईन टूलला पासवर्डचा फ्लॅग असावाच का?

धागाकर्ता
मंडळी, आमच्या टीमच्या बॅकअप टूलमधून मी मागच्या आठवड्यात "--पासवर्ड" हा फ्लॅग (कमांडसोबत टाईप करायचा पर्याय) काढून टाकला आणि तेव्हापासून अर्धी टीम नाराज आहे. कारण सांगतो. आमच्या एका सर्व्हरवर वीसेक जणांचं लॉगिन आहे, मशीन स्लो का झालंय बघायला मी साधं पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर एका सहकाऱ्याचा प्रॉडक्शन डेटाबेसचा पासवर्ड जसाच्या तसा समोर. मी रूट (सर्वाधिकार असलेला युजर) नव्हतो, काही हॅक केलं नव्हतं. लिनक्सवर चालू प्रोसेसची पूर्ण कमांड प्रॉक फाईलसिस्टीममध्ये असते आणि ती डिफॉल्टने सगळ्यांना वाचता येते, वर तोच पासवर्ड बॅशच्या हिस्टरीतही (टाईप केलेल्या कमांड्सची नोंद) जाऊन बसतो. मायएसक्यूएल या डेटाबेसचा क्लायंट सुरू झाल्यावर तो भाग पुसतो पण मधला क्षण उघडाच राहतो, त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्येच तसं लिहिलंय. माझं मत स्पष्ट आहे: माणूस समोर असेल तर टूलने /डेव्ह/टीटीवाय (म्हणजे थेट टर्मिनल) उघडावं, एको (टाईप केलेलं स्क्रीनवर उमटणं) बंद करावा आणि पासवर्ड विचारावा. फ्लॅग ठेवूच नये, ठेवला की लोक वापरणारच.

रात्रपाळी
अजिबात पटलं नाही. रात्री २ वाजता क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्राम) चालतो तेव्हा टाईप करायला कोण बसलंय? तुम्ही फ्लॅग काढला की लोक एक्स्पेक्टची (प्रॉम्प्टला आपोआप उत्तरं देणारं टूल) स्क्रिप्ट लिहून तुमच्या प्रॉम्प्टला पासवर्ड भरवणार आणि तो पासवर्ड त्या स्क्रिप्टमध्ये पडून राहणार, म्हणजे आधीपेक्षा वाईट. पीएसचाच प्रॉब्लेम असेल तर प्रॉक माउंट करताना हाइडपिड=२ लावा, दुसऱ्याच्या प्रोसेस दिसणारच नाहीत. नाहीतर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेलं मूल्य) घ्या, ते दुसऱ्या युजरला वाचता येत नाही.

धागाकर्ता
हाइडपिड सर्व्हरच्या ॲडमिनच्या हातात आहे हो, माझं टूल कुठल्या मशीनवर चालेल ते मला काय माहीत. एन्व्हायर्नमेंटबद्दल तुमचं बरोबर आहे, ते फक्त त्याच युजरला आणि रूटला दिसतं, पण ते प्रत्येक चाइल्ड प्रोसेसला वारशात जातं आणि कुणीतरी डीबगिंगसाठी सगळं एन्व्हायर्नमेंट लॉगमध्ये छापतो की झालं. स्क्रिप्टसाठी स्टँडर्ड इनपुट (प्रोग्रामला पाइप किंवा फाईलमधून मिळणारा मजकूर) आहे ना, डॉकरच्या लॉगिनला "--पासवर्ड-एसटीडीइन" आहे तसं.

कॉलेजवाली
मी लॅब घेते आणि मला वेगळंच सांगायचंय. तुम्ही सगळे एको बंद करा म्हणताय, पण पहिल्यांदा सुडो (पासवर्ड विचारून रूटच्या अधिकाराने कमांड चालवणारं टूल) चालवणारी मुलं दर वर्षी हात वर करतात, मॅडम कीबोर्ड चालत नाहीये. काहीच उमटत नाही म्हणून ती दोनदोनदा टाईप करतात, तीनदा चुकतात आणि मग पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये लिहून तिथून पेस्ट करतात, मग कुठे राहिली सुरक्षा? पायथनच्या ३.१४ मध्ये गेटपासला (पासवर्ड विचारणारं फंक्शन) एको_चार दिलाय, म्हणजे अक्षरांऐवजी चांदण्या (*) दाखवता येतात. दाखवा की!

जुना_सीवाला
चांदण्यांनी लांबी कळते आणि स्क्रीन शेअर करताना ती सगळ्यांना कळते. शिवाय सुडोमधल्या पीडब्ल्यूफीडबॅक या चांदण्यांच्या पर्यायाची गोष्ट आठवा, सीव्हीई-२०१९-१८६३४ नावाने नोंदलेला सुरक्षा-दोष, चांदण्या दाखवण्याच्या त्याच कोडमध्ये बफर ओव्हरफ्लो (ठरलेल्या जागेबाहेर मेमरीत लिहिलं जाणं) होता आणि लिनक्स मिंटमध्ये तर तो पर्याय डिफॉल्टने चालू होता. जास्त कोड म्हणजे जास्त चुका, एवढं साधं आहे.

कॉलेजवाली
तो बग बफर नीट न सांभाळल्याचा होता, सुडोच्या १.८.३१ मध्ये दुरुस्तही झाला. आणि लांबीचं म्हणाल तर १६ अक्षरी चांगल्या पासवर्डची लांबी कळली म्हणून तो फुटत नाही. ज्याचा फुटेल तो मुळातच बदलायला हवा.

जुना_सीवाला
लांबीचं मान्य, स्क्रीन शेअरचं नाही. पण खरी भानगड दोघंही सोडून देताय. मी कितीतरी टूल्स बघितलीत जी टर्मियॉसचा (टर्मिनलची सेटिंग) एको फ्लॅग काढतात, मग युजर कंट्रोल-सी दाबतो, प्रोग्राम मरतो आणि टर्मिनल मुकंच राहतं, बिचारा एसटीटीवाय सेन (टर्मिनल पूर्ववत करणारी कमांड) आंधळ्यासारखं टाईप करेपर्यंत. सिग्नल पकडा, आधीची सेटिंग परत लावा, मगच मरा. एको बंद करताना टीसीएसएफ्लश द्या, म्हणजे प्रॉम्प्ट येण्याआधी चुकून दाबलेल्या कीज पासवर्डात शिरत नाहीत. जुनं सीचं गेटपास वापरू नका, ते पॉसिक्समधून (युनिक्सचं मानक) कधीच काढलंय, ओपनबीएसडीचं रीडपासफ्रेज घ्या, त्याला टीटीवाय नसेल तर सरळ एरर द्यायला सांगता येतं. पायथनचं गेटपास याच ठिकाणी घसरतं, एको बंद करता आला नाही तर फक्त वॉर्निंग देतं आणि तसंच उघडं वाचतं. काम झालं की पासवर्ड ठेवलेली मेमरी (बफर) एक्स्प्लिसिट_बीझीरोने पुसा, साधा मेमसेट कंपायलर अनावश्यक समजून उडवून टाकू शकतो.

रात्रपाळी
हे सगळं चांगलंय, पण माझ्या क्रॉनचं उत्तर अजून अर्धंच मिळालंय. स्टँडर्ड इनपुटला पासवर्ड येणार कुठून? शेवटी फाईलमधूनच ना?

धागाकर्ता
हो, फाईलमधूनच, आणि ते मी आधी नीट मांडलं नव्हतं. "--पासवर्ड-फाईल" देतो, पण परवानगी ०६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणं) पेक्षा ढिली दिसली तर टूल चालणारच नाही, पोस्टग्रेस डेटाबेसचा क्लायंट ढिल्या परवानगीची पीजीपास (पासवर्डची फाईल) वापरत नाही तसंच. चांदण्यांचंही पटलं, सिस्टिमडीच्या (लिनक्सवरच्या सेवा चालवणारी सिस्टीम) प्रॉम्प्टसारखं करतो, चांदण्या दिसतील आणि सुरुवातीलाच टॅब दाबला की गप्प. कंट्रोल-सी आत्ताच तपासलं, आमचं टूलही टर्मिनल मुकं सोडतंय, आज दुरुस्त करतो. फ्लॅग मात्र परत येणार नाही.

रात्रपाळी
फाईल चालेल. निदान एक रिलीज जुना फ्लॅग ठेवून त्यावर वॉर्निंग द्या, आमच्या चाळीस स्क्रिप्ट्स एका रात्रीत बदलणार नाहीत.