मदत हवी आहे: बेळगावात दिवाणी दाव्यासाठी मराठी समजणारी वकीलबाई

नमस्कार मंडळी. खानापूर भागातल्या नात्यातल्या एका मुलीसाठी विचारतेय. नाव, गाव कृपया कुणी विचारू नका, कायद्यानेही ते उघड करता येत नाही. ती लहान असताना घरच्याच ओळखीतल्या माणसाने अत्याचार केला. पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) फौजदारी खटला चालू आहे. आता ती १९ वर्षांची आहे आणि त्याच्याकडून नुकसानभरपाईही मागायची म्हणते.

अडचण भाषेची. जबाब, नोटिसा, सगळं कन्नडमध्ये. परवा फाईल मांडीवर घेऊन ती तिसऱ्या पानावरच्या आपल्या सहीकडे बघत बसली होती. सही तिची, पण वर काय लिहिलंय ते तिला ठाऊक नाही! पहिल्या वकिलांनी तर "मिटवून टाका, लग्नाचं बघा" असं सांगितलं. त्यांच्याकडे परत जायचं नाही.

विधी सेवा कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे माहीत आहे. १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोनही करणार आहोत. पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करताना महिला वकील, तीही मराठी-कन्नड दोन्ही येणारी, मागून मिळते का? कुणाचा अनुभव?

दुसरं, शासनाच्या पीडित भरपाई योजनेतून पैसे मिळाले तर वेगळ्या दिवाणी दाव्याला अडथळा येतो का? आणि मुदत? अज्ञानपणी घडलेल्याची मुदत सज्ञान झाल्यावर सुरू होते, जास्तीत जास्त तीन वर्षं, असं वाचलंय. म्हणूनच घाई आहे.

कोल्हापूरचे वकील सुचवू नका, तारखांना बेळगावातच उभं राहावं लागेल. नावं मेसेजमध्ये पाठवा, इथे नको.