बडोद्यावरचे लेख: मराठी विकिपीडियावर सुरुवात कुठून?

मांडवीकर: सयाजीबाग आणि लक्ष्मी विलास राजवाड्याच्या लेखांत भर घालायची आहे. मजकूर आणि जुनी चित्रं टाकताना काय सांभाळावं?

सुरसागर: आधी खातं उघडा आणि धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) कच्चा मसुदा करा. पर्यटनाच्या संकेतस्थळावरून उचललेला परिच्छेद प्रताधिकारभंग (कॉपीराइटचा भंग) म्हणून उडतो. शब्द इकडेतिकडे केले तरी तेच. वाचा, बाजूला ठेवा, मग स्वतःच्या वाक्यांत लिहा. प्रत्येक सनाला संदर्भ द्या: लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठ. ‘भव्यदिव्य’, ‘प्रजाहितदक्ष’ वगैरे नको. (सयाजीरावांवर लिहिताना हात आवरत नाही, हे खरं.)

रावपुरा: चित्रं कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर) चढवा. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार असतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यामुळे त्यांची चित्रं प्रताधिकारमुक्त आहेत. राजवाड्याचा बाहेरून स्वतः काढलेला फोटोही चालतो. गूगलवर सापडलेला मात्र नाही, खाली छायाचित्रकाराचं नाव दिलं तरीही.

सुरसागर: आणि बदल कोणी उलटवला तर लगेच परत टाकू नका. आधी लेखाच्या ‘इतिहास’ पानावर (बदलांच्या नोंदीत) कारण वाचा, मग लेखाच्या चर्चापानावर संदर्भासकट विचारा. तिथे मजकुराच्या शेवटी चार टिल्डे (~~~~) टाकले की सही आपोआप उमटते.