डानुम व्हॅलीत १५ दिवसांचा फील्ड कोर्स: गटाचा प्रकल्प कोणता घ्यावा?

रानवाट (प्रश्न)
साबामधल्या (मलेशियन बोर्निओ) डानुम व्हॅलीत विद्यापीठाचा १५ दिवसांचा वर्षावन परिसंस्थेचा कोर्स आहे. चौघांच्या गटाने एक छोटा प्रकल्प करून शेवटी सादर करायचा आहे. सध्या तीन कल्पना आहेत: पालापाचोळा कुजण्याचा वेग, लाकूडतोड झालेल्या आणि न झालेल्या जंगलाची तुलना, झाडांमधला कार्बन. यातलं काय जमेल? मोजमापात कुठे फसायला होतं? आणि जळवा-तापाची तयारी किती गंभीरपणे करायची?

शेणकिडा
आधी दिवस मोजा. प्रवास, जंगलाची ओळख, तंत्र शिकणं आणि शेवटचं विश्लेषण-सादरीकरण वजा केलं की १५ पैकी जेमतेम पाच दिवस हातात राहतात. त्यातही दुपारनंतर पाऊस धरायचाच. म्हणजे धड २० ते २५ तास. एवढ्या वेळात काळाप्रमाणे बदलणारी गोष्ट मोजायला जाऊ नका, जागेप्रमाणे बदलणारी मोजा.

म्हणून कुजण्याचा प्रकल्प बाद. जाळीच्या पिशवीत १० ग्रॅम वाळकी पानं ठेवली तर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत जे वजन घटतं त्यातला बराच भाग पाण्यात विरघळून वाहून गेलेला असतो. तुम्ही धुणं मोजाल आणि त्याला कुजणं म्हणाल.

तोडलेलं विरुद्ध न तोडलेलं जंगल हा विषय डानुममध्ये सगळ्यांनाच सुचतो, कारण दोन्ही जवळजवळ आहेत. पण तोडीच्या एकाच पट्ट्यात दहा प्लॉट आणि मूळ जंगलाच्या एकाच तुकड्यात दहा प्लॉट टाकले, तर नमुने वीस होत नाहीत. एका पट्ट्याची एका तुकड्याशी तुलना होते, बस्स. उतार, माती, नदीपासूनचं अंतर यांपैकी कशामुळेही फरक पडलेला असू शकतो. मार्गदर्शकांचा पहिला प्रश्न हाच असेल.

त्याऐवजी जोड्या करा. झाड पडून छताला भोक पडलेली जागा (गॅप) आणि तिच्यापासून २५-३० मीटरवरचं बंद छत, ही एक जोडी. अशा दहा जोड्या शोधा. प्रत्येक बाजूला १ बाय १ मीटरचे चार क्वाड्रॅट (मोजणीच्या चौकटी) टाकून रोपं मोजा. आधी गॅपची व्याख्या ठरवून लिहून ठेवा. छतातलं भोक जमिनीपासून दोन मीटर उंचीपर्यंत खाली उतरलं असेल तरच गॅप, ही परिसंस्था-अभ्यासक ब्रोकॉ यांची १९८२ची व्याख्या चालते. चार क्वाड्रॅटची सरासरी काढून जोडीमागे एकच फरक धरा, नाहीतर वरचीच चूक धाकट्या रूपात परत येते.

जोड्या निदान सहा तरी हव्यातच. विलकॉक्सनच्या जोडीदार चाचणीत (जोड्यांमधला फरक तपासायची संख्याशास्त्रीय चाचणी) पाच जोड्या असतील आणि पाचही एकाच दिशेला झुकल्या, तरी द्विपक्षी पी (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता; ०.०५ च्या खाली हवी) ०.०६२५ च्या खाली जाऊच शकत नाही. सहा असतील तर ०.०३१ पर्यंत उतरतो. पाचच जोड्यांवर थांबलात तर निकाल मोजायच्या आधीच हरलेला असतो.

बुंधा
वरच्याशी सहमत, पण गॅपमधला उजेड फोनच्या लक्स ॲपने मोजू नका. ढग सरकला की आकडा कितीतरी पटींनी बदलतो आणि दोन जागा एकाच क्षणी मोजल्या जात नाहीत. अंतर्गोल आरशाचा डेन्सिओमीटर घ्या. चार दिशांना तोंड करून प्रत्येकी मोकळे, म्हणजे आकाश दिसणारे, ठिपके मोजा, चारींची सरासरी काढून १.०४ ने गुणा (आरशात ९६ ठिपके धरतात म्हणून), की छताच्या मोकळेपणाची टक्केवारी मिळते. मोजणारा माणूस सगळीकडे एकच ठेवा.

कार्बनच करायचा असेल तर हे बघा. खोडाच्या जाडीवरून कार्बनचा अंदाज बांधतात, म्हणून खोडाचा घेर १.३ मीटर उंचीवर घेतात, उतारावर वरच्या बाजूने. ३१.४ सेंमी घेर म्हणजे १० सेंमी व्यास. पण डिप्टेरोकार्प कुळातल्या (इथल्या उंच झाडांचं मुख्य कुळ) मोठ्या झाडांच्या बुंध्याशी पंखांसारखी बट्रेस मुळं असतात. तिथे टेप गुंडाळली तर फजिती ठरलेली. मुळांसकट ६ मीटर घेर भरला तर व्यास १९१ सेंमी निघतो. वरचं खरं खोड ११० सेंमीचं असेल, तर खोडाचं क्षेत्रफळ तिप्पट लिहिलं गेलं. अशी दोन झाडं अख्ख्या प्लॉटचा आकडा बिघडवतात. बट्रेस जिथे संपतं त्याच्या ५० सेंमी वर मोजायचं. शिडी पोचत नसेल तर खोडाला लांब मोजपट्टी टेकवून लांबून फोटो घ्या आणि 'अंदाज' अशी वेगळी नोंद करा.

प्लॉट २० बाय २० मीटर, पण आडव्या अंतरात. २० अंशांच्या उतारावर जमिनीलगत २१.३ मीटर टेप सोडावी लागते. हे विसरलं की प्लॉट लहान होतो आणि झाडं विनाकारण 'कमी' भरतात. छताखाली जीपीएस १०-१५ मीटर सहज चुकतो, त्यामुळे कोपरे त्याच्यावर ठरवू नका. होकायंत्र आणि टेप.

उंचीच्या फंदात पडू नका. खालून शेंडा दिसतच नाही, दिसतो तो बहुतेकदा शेजारच्या झाडाचा असतो. याच डानुममधलं १००.८ मीटरचं पिवळं मेरांती (डिप्टेरोकार्प कुळातलंच झाड) आधी विमानातल्या लेसरने हेरलं होतं. पण आकडा पक्का झाला तो २०१९ मध्ये माणसाने वर चढून टेप खाली सोडल्यावरच.

रानवाट
खूप आभार. कुजणं आणि तोड दोन्ही सोडलं. गॅपमध्ये रोपांच्या जाती ओळखता येणार नाहीत याची भीती आहे. त्यापेक्षा कीटक सोपे पडतील का?

शेणकिडा
जाती ओळखायच्याच कशाला? कुळापर्यंत पोचा, नाहीतर 'रूप १, रूप २' असे गट करून प्रत्येकाचा फोटो ठेवा. पानं समोरासमोर, अखंड, आणि दोन देठांच्या मधोमध उपपर्ण (छोटं पानासारखं पातं) दिसलं तर कॉफीचं कुळ. पान चुरडल्यावर सुगंध, पानं एकाआड एक आणि साल दोऱ्यासारखी लांब सोलून निघते, तर सीताफळाचं. देठाला पात्याजवळ गुडघ्यासारखी फुगवट आणि आसपास दोन पंखांची वाळकी फळं असतील तर डिप्टेरोकार्पचा संशय घ्या. मात्र या कुळाची झाडं दरवर्षी फळत नाहीत. काही वर्षांनी, बहुधा एल निनोच्या सुमारास, सगळी एकदम फळतात. म्हणून बियांवर आधारलेला प्रकल्प आखून जाऊ नका, तिथे एकही बी नसण्याची शक्यताच जास्त.

कीटकांत शेणकिडे उत्तम. सापळा म्हणून प्लास्टिकचा पेला काठ जमिनीच्या बरोबर येईल असा पुरायचा. काठ अर्धा सेंमी जरी वर राहिला तरी किडे वळून जातात. वर कापडाच्या पुरचुंडीत २०-३० ग्रॅम विष्ठा टांगा, त्याच्यावर १०-१५ सेंमी उंचीवर ताट. ताट नसेल तर एका सरीत पेला भरून वाहतो. दोन सापळ्यांत निदान ५० मीटर अंतर. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला रिकामे केले तर दिवसाची आणि रात्रीची मंडळी वेगळी मिळतात, प्रश्न तयार! रानडुकरं सापळे उकरतात, म्हणून दोन-तीन जादा लावा. किडे जिवंत मोजून सोडून द्या. साबात नमुने गोळा करायला राज्याच्या जैवविविधता केंद्राचा परवाना लागतो, बाहेर न्यायला आणखी वेगळा. कोर्सच्या परवान्यात काय बसतं ते आधीच लेखी विचारा.

ओलीचिंब
तब्येतीचं कोणी बोललं नाही. जळवा त्रासदायक आहेत, धोकादायक नाहीत. घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे पँटवर चढवा. वाघजळू (पट्ट्यांची जळू) झुडपाच्या पानावरून येते, तेव्हा शर्टही खोचलेला हवा. चावल्यावर रक्त तासन्‌तास झिरपतं, कारण ती रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. दाबून पट्टी बांधा, खाजवू नका. डीईईटीचं (कीटक पळवणारं) मलम हाताला असताना दुर्बीण किंवा घड्याळ धरू नका, प्लास्टिक विरघळतं.

खरी काळजी नदीची. २००० साली साबातल्या एका साहसी शर्यतीनंतर स्पर्धकांत लेप्टोस्पायरोसिसची (प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) साथ पसरली, आणि तिचा संबंध सेगामा नदीत पोहण्याशी जुळला. डानुमला लागून वाहते ती हीच नदी. पायाला जखम असताना पाण्यात उतरू नका. प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन (एक प्रतिजैविक) घ्यायची का हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. साबात माकडांकडून येणारा नोलेसी मलेरियाही आहे. त्याचे जंतू दर २४ तासांनी वाढतात, म्हणून तो झपाट्याने बळावतो, आणि झटपट चाचणीत तो निसटू शकतो. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर 'बोर्निओच्या जंगलात होतो' हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा आणि रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला लावा.

नोंदी पेन्सिलनेच, पाणीरोधक कागदावर. रोज संध्याकाळी प्रत्येक पानाचा फोटो. कॅमेरा सिलिका जेलच्या घट्ट डब्यात ठेवा, आणि एसी खोलीतून बाहेर काढलात तर अर्धा तास पिशवीतच राहू द्या, नाहीतर भिंगावर बाष्प धरतं.