गिदोनाने वेदी पाडली, मग एफोद का केला?

जिज्ञासू: बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात इस्राएलाचा पुढारी गिदोन बापाची बआल या कनानी देवाची वेदी रातोरात पाडतो. आठव्या अध्यायात तोच माणूस लुटीच्या सोन्याचा एफोद, म्हणजे याजकाचे वस्त्र, करतो आणि सारे इस्राएल त्या वस्त्राच्या नादी लागते. मूर्ती सोडून देवाला शोधू पाहणाऱ्याने आधी काय करावे, मग काय? ‘मनापासून शोधा’ एवढ्यावर बोळवण करू नका.

वाचक३४: क्रम हवा असेल तर २ इतिहास ३४ उघडा. यहूदाचा राजा योशीया वयाच्या ८व्या वर्षी गादीवर बसला. कारकिर्दीच्या ८व्या वर्षी तो देवाला शोधू लागला, मूर्तींना हात घातला तो १२व्या वर्षी, आणि नियमशास्त्राचा ग्रंथ हाती आला १८व्या वर्षी. म्हणजे आधी शोध, मग मोडतोड. बहुतेकांचे उलटे होते. पहिल्याच आठवड्यात कोनाडा रिकामा, पण प्रार्थनेची वेळ ठरलेलीच नाही. मत्तय १२ मधले झाडून लोटून रिकामे ठेवलेले घर आठवा: निघून गेलेला अशुद्ध आत्मा परत येताना आणखी सात घेऊन आला. म्हणून पूर्वी ज्या घटकेला पूजा व्हायची, तीच घटका वाचनाला आणि प्रार्थनेला द्या. सुरुवात योहानाच्या शुभवर्तमानापासून करावी. २१ अध्याय आहेत, रोज एक धरला तर तीन आठवडे.

शिलोकर: मूळ प्रश्न एफोदाचा आहे, तो राहिलाच. एफोद ही बआलाची वस्तू नव्हे, ते याजकाचे वस्त्र. कुंडले १,७०० शेकेलांची, म्हणजे साधारण १९ किलो सोने, आणि ते मागितले कधी? ‘तुमच्यावर परमेश्वरच राज्य करील’ असे म्हटल्यावर लगेच! निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, यहोशवाच्या काळापासून शिलोला होता, गिदोनाने एफोद ठेवला स्वतःच्या गावी, अफ्रात. मोशेच्या पितळी सापाचेही तेच झाले. तो देवाच्याच सांगण्यावरून केलेला, पण लोक त्याला धूप जाळू लागले आणि शेवटी हिज्कीया राजाला तो फोडावा लागला. परकी मूर्ती ओळखू तरी येते, देवाच्या नावाची वस्तू कधी मूर्ती झाली ते कळत नाही. ताडून पाहायचे असेल तर तेल, ताईत, ठरावीक जागा, आवडता उपदेशक, जे काही असेल ते महिनाभर बाजूला ठेवा. प्रार्थनाच बंद पडली, तर ती कोणाकडे जात होती ते कळेल.

वाचक३४: हे मान्य. माझ्या उत्तरात ते सुटले होते.

कुंभाराचे चाक: अडचण पुढे येते. यिर्मया ४४ वाचा. मिसरात गेलेले लोक तोंडावर सांगतात की आकाशराणी या देवीला धूप जाळणे सोडले तेव्हापासून आमचे वाईटच झाले. सोडल्यावर पहिले आजारपण आले, पहिला तोटा झाला, की मनात नेमके हेच येते. देवाशीही जुनाच सौदा चालू असेल, तर मूर्ती बदलली, भक्ती तीच राहिली. यहेज्केल १४ मधले इस्राएलाचे वडीलजन संदेष्ट्यापुढे बसले होते, हातात काही नव्हते. मूर्ती अंतःकरणात होत्या.

जिज्ञासू: काढलेल्या वस्तूंचे काय करायचे? आणि घर सामायिक असेल तर?

शिलोकर: विकू नका. अनुवाद ७:२५ मध्ये मूर्तीवरच्या सोन्यारुप्याचाही लोभ धरू नका असे आहे. याकोबाने घरच्यांच्या मूर्ती शखेमाजवळ झाडाखाली पुरल्या. इफिस शहरात विश्वास ठेवलेल्यांनी आपली जादूची पुस्तके जाळली, किंमत भरली ५०,००० रौप्य नाणी. मात्र हे सारे ज्याचे त्याने केले. गिदोनाला बापाच्या वेदीबद्दल स्पष्ट आज्ञा होती, तुम्हाला तशी नसेल तर दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नका. त्याच इफिसात नगरलेखकाने पौलाच्या सोबत्यांविषयी सांगितले की यांनी देवळे लुटली नाहीत, देवीची निंदाही केली नाही. सामायिक घरासाठी २ राजे ५ मधला अरामाचा सेनापती नामान पाहा. धन्याला आधार देत रिम्मोन या देवाच्या देवळात वाकावे लागेल, हे त्याने लपवले नाही, आधीच सांगून टाकले. अलीशा संदेष्ट्याने त्याला शांतीने जा म्हटले.